हिवाळ्यात सिसिली, गाडी न घेता: आराखडा तपासून द्याल का?

सई_कु

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आई आणि मी सिसिलीला जातोय. पालेर्मोला उतरणार, परतीचं विमान ६ फेब्रुवारीला कातानियाहून. मधे साधारण दोन आठवडे मिळतात. आई अडुसष्टची. चालायला खुटखुटीत आहे, पण उतार आला की गुडघा कुरकुरतो. शिवाय पक्की शाकाहारी.

गाडी घ्यायची नाही हे नक्की. उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. त्यात जुन्या शहरांमध्ये ठरावीक हद्दीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, चुकून आत शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंड काही महिन्यांनी येतो, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्साहच संपला. बस आणि ट्रेन दोघींनाही आवडतात.

आत्ताचा आराखडा असा: पालेर्मो २ रात्री, त्रापानी १, आग्रिजेन्तो १, रागूझा १, नोतो १, सिराकूझा २, ताओर्मिना १, लीपारी बेट २, चेफालू १, शेवटी कातानिया. नकाशावर मस्त गोल होतो, बेटाला पूर्ण प्रदक्षिणा.

हे जमण्यासारखं आहे का? तिकिटं आधी काढून ठेवायची का? आणि थंडी नेमकी किती असते? व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाची आरक्षणं द्यायची आहेत, म्हणून घाई.

मुक्कामपोस्ट

सई, आधी तो गोल पूस.

सिसिलीत बेटाभोवती सलग फिरणारी रेल्वे नाही. उत्तरेला पालेर्मो ते मेस्सिना आणि पूर्वेला मेस्सिना ते सिराकूझा हे दोन पट्टे चांगले आहेत. दक्षिण किनाऱ्याला, म्हणजे तू जिथे त्रापानी-आग्रिजेन्तो-रागूझा अशी सरळ रेघ ओढली आहेस, तिथे गाड्या मोजक्या आणि वेळखाऊ. आग्रिजेन्तोहून रागूझाला रेल्वेने जायचं तर आतून वळसा घालून, गाड्या बदलत, अख्खा दिवस घालवायचा. तेवढ्या वेळात काकू तुला दोनदा विचारतील की आपण इथे का आलो.

पालेर्मो आणि कातानिया हे दोन खुंट. सगळं यांच्यापासून फुटतं. म्हणून गावोगाव बिऱ्हाड न हलवता तीन-चार ठिकाणी राहायचं आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं.

आता मुख्य मुद्दा, जो तुझ्या आराखड्यात कुठेच नाही: रविवार. मी गाडीशिवाय कुठेही जाताना कागदावर आधी रविवार आणि सण लिहिते, गावं नंतर. सिसिलीत रविवारी लांब पल्ल्याच्या बस कमी होतात आणि छोट्या गावांच्या जवळजवळ नाहीशा होतात. सिराकूझा-नोतो-मोदिका-रागूझा ही रेल्वे इतकी देखणी, पण रविवारी तिचा भरवसा धरायचा नाही. तेव्हा रविवार मोठ्या शहरात, पायी फिरण्यासाठी ठेव. उरलेले सहा दिवस प्रवासाचे.

वेळापत्रक बघताना खालची बारीक अक्षरंही वाच. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. तिसरा शब्द ‘स्कोलास्तिको’, आणि खरा घात तिथे. ती गाडी फक्त शाळा चालू असतानाच धावते. नाताळच्या सुट्टीत, म्हणजे ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणापर्यंत, ती नसतेच. तू जानेवारीच्या शेवटी जातेस ते फार बरं, शाळा सुरू असतील. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणारे मात्र २५, २६, १ आणि ६ या सुट्ट्यांत पार अडकतात.

लीपारी काढून टाक. मिलात्सोहून हायड्रोफॉईलने तासाभराचं काम आहे, पण हिवाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द. जाणं जमेल, परत येणं वाऱ्याच्या मर्जीवर. विमान चार दिवसांवर असताना हा जुगार कशाला? ताओर्मिनातही मुक्काम नको. तिथली बरीच हॉटेलं मार्चपर्यंत कुलूपबंद असतात. कातानियाहून ट्रेनने तासाभरात जाता येतं, स्टेशन खाली समुद्राकाठी आहे, वर गावात बस नेते. ग्रीक नाट्यगृह बघून अंधाराच्या आत परत. त्रापानीला लोक मुख्यतः वर डोंगरावरच्या एरीचे गावासाठी जातात, आणि तिथली केबल कार हिवाळ्यात बहुधा देखभालीसाठी बंद असते.

मी असं करीन:

पालेर्मो ५ रात्री. त्यात एक दिवस चेफालू, रेल्वेने तासाभराच्या आत-बाहेर. एक अर्धा दिवस मोन्रेआले, पियात्सा इंदिपेंदेन्त्साहून ३८९ नंबरची सिटी बस. ११७४ मध्ये सुरू झालेलं तिथलं कॅथीड्रल आतून सोनेरी मोझेइकने मढलेलं आहे, मान दुखेपर्यंत वर बघाल. कापेल्ला पालातिना, म्हणजे राजवाड्यातलं चॅपेल, रविवारी नको, सकाळी प्रार्थना असते. आधीच्या एखाद्या वारी उरका.

आग्रिजेन्तो २ रात्री. पालेर्मोहून ट्रेन दोन तासांची, आणि ही रविवारीही धावते.

सिराकूझा ४-५ रात्री, ओर्तिजा बेटावर. नोतो आणि जमलं तर रागूझा इथून.

उरलेलं कातानिया.

तिकिटांचं: रीजनल ट्रेनचं भाडं महिनाभर आधी काढा की पाच मिनिटं आधी, तेवढंच. पालेर्मो-आग्रिजेन्तो दहा-बारा युरोंच्या घरात. आधी काढून काहीच फायदा नाही, उलट पाऊस बघून बेत बदलायची मोकळीक जाते. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून तारीख-वेळ उठवून घ्यायची. मोबाईलवर घेतलंत तर चढण्यापूर्वी त्याचं ‘चेक-इन’ करायचं. हे राहिलं तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

बसचं तिकीट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी. नोतोला थांब्याशेजारच्या बारमध्ये विचारलं. बाईंनी कॉफीच्या यंत्राची वाफ सोडता सोडताच मान हलवली, गल्ल्याखालून पुठ्ठ्याचा खोका काढला, त्यातून दोन तिकिटं फाडून दिली आणि काचेच्या दारावर चिकटवलेल्या वेळापत्रकावर बोटाने टकटक केलं. शेवटची गाडी पेनाने खोडलेली होती. ऑनलाइन ती दिसतच होती! म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची चौकशी, मगच चर्च.

थंडी: बाहेर काही नाही. दुपारी पंधरा अंशांच्या आसपास, रात्री आठ-दहा, पाऊस अधूनमधून. थंडी घरात असते. फरशी संगमरवरी, छत उंच, आणि हीटर कसाबसा. इटलीत इमारतीची हीटिंग कधी आणि किती वेळ लावायची याचे कायद्याने विभाग पाडले आहेत. पालेर्मो, कातानिया, सिराकूझा, आग्रिजेन्तो ज्या ‘ब’ विभागात येतात तिथे १ डिसेंबर ते ३१ मार्च, दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. जुन्या घरांत तर तीही सोय नसते, भिंतीवरच्या एसीवरच भागवतात. म्हणून खोली घेताना फोटोतल्या गच्चीला भुलू नकोस, हीटिंगबद्दल आलेले अभिप्राय वाच. काकूंसाठी लोकरी मोजे आणि जाड तळाच्या सपाता. हे मी सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहिते.

उंबरकर

मुक्कामपोस्टताईंचं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. गाडीशिवाय तुम्ही सिसिलीची शहरं बघता, सिसिली नाही. सेजेस्ताचं मंदिर, सेलिनुन्ते, आणि मुख्य म्हणजे पियात्सा आर्मेरीनाजवळचं व्हिला रोमाना देल कासाले. चौथ्या शतकातल्या रोमन हवेलीच्या जमिनीवरचं मोझेइक, शिकारीचे प्रसंग, व्यायाम करणाऱ्या मुली. अशी फरशी मी दुसरीकडे पाहिली नाही. तिथे बसने जायचं म्हणजे गावापर्यंत पोचा, पुढचे चार-पाच किलोमीटर टॅक्सी शोधा. हिवाळ्यात टॅक्सीवाला जेवायला गेलेला असतो.

आम्ही दोघं फेब्रुवारीत गाडीने फिरलो. रस्ते रिकामे, डोंगर हिरवेगार. उन्हाळ्यात हेच डोंगर वाळून पिवळे पडतात. एन्ना नऊशे मीटरहून उंचावर आहे, तिथे असं धुकं लागलं की पुढचा ट्रक दिसेना, ते सोडलं तर काही त्रास नाही.

सईताई, चार दिवस तरी गाडीचा विचार करा असं सुचवीन.

मुक्कामपोस्ट

उंबरकर, कासालेबद्दल शंभर टक्के मान्य. ते बसने करूच नये. पण त्यासाठी चार दिवस गाडी कशाला? कातानियाहून एका दिवसाची चालकासह गाडी ठरवायची. दोघींना महाग पडेल, पण चार दिवसांचं भाडं, विमा, पार्किंग आणि त्या बंदीच्या हद्दीचा घोर यांची बेरीज केली तर फार फरक राहत नाही. आणि धुक्यात ट्रक शोधायचं काम दुसऱ्याचं!

‘शहरं बघता, सिसिली नाही’ हे मात्र मला पटत नाही. आग्रिजेन्तोहून कातानियाची बस कशी जाते बघा. कालतानिसेत्तावरून, थेट बेटाच्या पोटातून, जवळजवळ तीन तास. फेब्रुवारीत दोन्ही बाजूला कोवळा गहू आणि बदाम फुललेले. शेजारी कॉलेजची मुलं घरचे डबे भरलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन. ही सिसिली नाही तर कुठली? फक्त ती गाडी आडवारी पकडायची.

मिठाचा_खडा

सईताई, खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी शाकाहारी, तिथे मजेत राहिलो. पण दोन-तीन ठिकाणी फसगत होते.

आरांचिना, म्हणजे भाताचे तळलेले मोठे गोळे. त्यातला ‘आल बुर्रो’ हा प्रकार नाव ऐकून लोण्याचा वाटतो, आत बहुतेक ठिकाणी हॅमही असतं. पालकाचा किंवा वांग्याचा मागा. स्फिंचोने हा जाड पाव-पिझ्झा दिसतो कांदा-टोमॅटोचा, त्यात अँचोवी मासा विरघळलेला असतो. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीत परंपरेने डुकराची चरबी घालतात. काही दुकानं घालत नाहीत, विचारल्यावर सांगतात. चालत नसेल तर आत भरतात तो गोड रिकोत्ता (मऊ ताजं चीज) नुसता वाटीत मागा, हसतात पण देतात. रिकोत्ता हिवाळ्यातच उत्तम, तेव्हा मेंढ्यांना ओला चारा असतो.

बिनधोक: पास्ता आल्ला नोर्मा (वांगं, टोमॅटो, वर खारवलेला रिकोत्ता), कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी), माक्को म्हणजे सुक्या बाकल्याच्या शेंगदाण्यांचं दाट गरम सूप. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात पानेल्ले खाच, चण्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून तिळाच्या पावात घालून देतात, वर लिंबू. आईंना पहिल्याच दिवशी तिथे न्या, पुढचे दोन आठवडे त्या कटकट करणार नाहीत.

आणि संत्री! जानेवारी-फेब्रुवारीत लाल गराची तारोक्को आणि मोरो येतात. एटना ज्वालामुखीच्या आसपास दिवस उबदार आणि रात्री गार, त्या फरकामुळे गराला तो रंग चढतो. किलोने घ्या.

रेस्तराँ संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी उघडत नाहीत. लवकर जेवणाऱ्यांनी बेकरी हेरून ठेवावी.

(वर बाकल्याच्या शेंगदाणे लिहिलंय, दाणे वाचा. भूक लागली आहे.)

सई_कु

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिने उंबरकर काकांना नमस्कार सांगितलाय आणि ‘धुक्यात ट्रक’वर तिचा निर्णय झालाय, गाडी नाही.

नवीन आराखडा: पालेर्मो ५, आग्रिजेन्तो २, सिराकूझा ४, कातानिया ३. पहिला रविवार पालेर्मोत, दुसरा सिराकूझात पडतो. कासालेसाठी कातानियाहून चालकासह गाडी.

तीन शंका उरल्या. एक, आग्रिजेन्तोच्या मंदिरांकडे उतार किती? दोन, एटनावर गाडीशिवाय कसं जायचं? तीन, कातानियात ३ ते ५ फेब्रुवारीची हॉटेलं अचानक दुप्पट दराने दिसतायत, काय भानगड आहे?

मुक्कामपोस्ट

तिसरीपासून सुरू करते, कारण ती भानगड नाही, सांत-आगाता आहे. कातानियाची रक्षक मानलेली ख्रिस्ती संत; आपल्याकडच्या ग्रामदेवतेची जत्राच म्हण. ३, ४ आणि ५ फेब्रुवारी, सगळं शहर रस्त्यावर. पांढरे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले भक्त दोन लांबलचक दोर धरून तिची चांदीची पालखी ओढतात. त्याआधी कांदेलोरे निघतात, वेगवेगळ्या व्यवसायांच्या मंडळींचे सोनेरी नक्षीचे उंचच उंच लाकडी स्तंभ. खाली आठ-दहा गडी खांद्यावर घेऊन ते डोलवत डोलवत चालतात. ५ तारखेची मिरवणूक रात्रभर चालून ६ च्या सकाळी देवळात परतते.

लोक हातात जाडजूड पेटत्या मेणबत्त्या घेऊन चालतात, त्यांचं मेण रस्त्यावर ठिबकत राहतं. लाव्हाच्या काळ्या फरसबंदीवर त्याचा पिवळट थर बसतो, वर लाकडाचा भुसा टाकतात, तरी बूट सुर्र करून सरकतो. मिरवणुकीच्या वाटांवर दुचाकींनासुद्धा त्या दिवसांत मनाई करतात. काकूंचा गुडघा लक्षात घेता ४ च्या किंवा ५ च्या गर्दीत जाऊ नका. ३ तारखेला दुपारी मेण वाहायची मिरवणूक असते, ती बाजूला उभं राहून बघता येते.

माझा सल्ला: कातानियाचा मुक्काम आधी आणि सिराकूझा नंतर असं उलटं कर. आग्रिजेन्तोची बस तशीही कातानियालाच येते. जानेवारीच्या शेवटी तिथे राहा, एटना-ताओर्मिना-कासाले उरका आणि १-२ तारखेला सिराकूझाला हला. ३ ला वाटलं तर सकाळी कातानियाला येऊन उत्सव बघा, दिवे लागायच्या आत परत. ६ तारखेला सिराकूझाहून विमानतळाला थेट बस असते, कातानिया शहरात शिरायचीच गरज नाही. फक्त त्या दिवशी वार कोणता येतो ते बघून फेरी ठरव आणि एक फेरी आधीची पकड. एटनाने राख उडवली तर कातानियाचा विमानतळ काही तास बंद राहतो, म्हणून पुढच्या जोडविमानाला अगदी चिकटून वेळ ठेवू नकोस.

एटना: कातानिया स्टेशनसमोरच्या चौकातून एएसटी या बस कंपनीची एकच बस सकाळी सव्वाआठच्या सुमारास निघते, रिफुजो सापियेन्त्साला जाते, तीच दुपारी साडेचारच्या सुमारास परत. म्हणजे १९०० मीटर उंचीवर अख्खा दिवस. बर्फ असतो, वारा बोचरा, आणि वारा वाढला की वर जाणारी केबल कार बंद. तेव्हा आदल्या संध्याकाळी हवामान बघा, ढग असतील तर सरळ बेत बदला. बस नको असेल तर चिरकुमएत्नेआ ही छोटी रेल्वे एटनाच्या पायथ्याने फिरते. नॅरोगेज, काळ्या लाव्हाच्या शेतांमधून, पिस्त्यांच्या ब्रोन्तेवरून. काकूंना मी तिच्यातच बसवीन. रविवारी ती बंद, आणि मेट्रोच्या कामापायी कातानियाकडचा सुरुवातीचा तुकडा बसने करावा लागू शकतो, म्हणून आदल्या दिवशी स्थानकात विचारा.

आग्रिजेन्तो: सिटी बसने खालच्या पोर्ता क्विन्ताला उतरून चढत जाण्याऐवजी जूनोच्या देवळाकडच्या वरच्या प्रवेशद्वाराला उतरा. तिथून वाट हळूहळू उतरते, रुंद आणि मोकळी. उतार सौम्य आहे, पण लांब आहे. गुडघ्यासाठी काठी असू दे. कोन्कोर्दियाचं मंदिर वाटेत येतं. सहाव्या शतकात त्याचं चर्च केलं म्हणून ते इतकं धड उभं आहे. पुढे सिराकूझाच्या कॅथीड्रलमध्ये हाच प्रकार उलट्या बाजूने दिसेल, अथेनाच्या मंदिराचे डोरिक खांब चर्चच्या भिंतीत चिणलेले. हात लावून बघता येतात. बदाम फुलले असतील तर देवळांच्या खालच्या बाजूला बघा, वरून दिसत नाहीत. हिवाळ्यात सूर्य सव्वापाच-साडेपाचलाच मावळतो, म्हणून दुपारी दोनच्या आत शिरायचं.

पोर्ता क्विन्ताहून गावात परतणारी बस अर्धा-पाऊण तास येत नाही असंही होतं. तिथे बाक आहे, संत्री बरोबर ठेवा.

उंबरकर

एक राहिलं. संपाचं. इटलीत रेल्वे-बसचे संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखेनुसार यादी असते. ‘शोपेरो’ हा शब्द शोधा. आडवारी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक रीजनल गाड्या सोडाव्याच लागतात. शुक्रवारी प्रवास असेल तर गुरुवारी रात्री एकदा यादी बघून घ्या. संप बरेचदा शुक्रवारीच लागतात.

आणि आईंना माझाही नमस्कार. कासालेला जाताना चालकाला एन्नावरून न्यायला सांगा, धुकं नसेल तर.

सई_कु

कातानिया आधी, सिराकूझा नंतर असं बदललं. दोन्ही हॉटेलं रद्द करता येतील अशी घेतली. सिराकूझाच्या घरमालकिणीला हीटिंगबद्दल विचारलं, तर उत्तर आलं की दोन एसी आहेत आणि जादा ब्लँकेट्स कपाटात आहेत. मोजे घेतेय.